आय.एमएक्स६ सोलो: एसपीएल दोन ओळी छापून गप्प, रॅम कधी १ जीबी तर कधी ५१२ एमबी

पहिली_पायरी

मंडळी, नवीन बोर्डावर यू-बूट (कर्नल चढवणारा बूटलोडर) उभं करताना गाडी अडली आहे. एसपीएल म्हणजे त्याचाच आधी चालणारा, मेमरी सुरू करणारा छोटा भाग. तपशील आधीच देतो, म्हणजे विचारणाविचारणीत वेळ जायला नको.

एसओसी (प्रोसेसरची मुख्य चिप) आय.एमएक्स६ सोलो. डीडीआर३एलच्या दोन चिप, प्रत्येकी ४ गिगाबिट आणि १६ बिट रुंद. म्हणजे ३२ बिटांची बस, चिप सिलेक्ट एकच, एकूण १ जीबी. मेमरीचं घड्याळ ४०० मेगाहर्ट्झ. बूट एसडी कार्डावरून: एसपीएल १ केबीवर, यू-बूटची इमेज ६९ केबीवर, दोन्ही डीडी या कमांडने लिहिलेल्या. यू-बूट मेनलाइन आहे. बोर्डाची फाइल एका मूल्यांकन बोर्डावरून उचलून बदलली, त्यातले कॅलिब्रेशनचे (मेमरीच्या सिग्नलची वेळ जुळवणारे) आकडे मात्र तसेच ठेवलेत.

पाच बोर्डांपैकी तिघांवर एसपीएलचं नाव-तारीख असलेली ओळ येते, मग «ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१», आणि पुढे चिडीचूप. उरलेल्या दोघांवर चार-पाच वेळा वीज दिली की एखाद्या वेळी यू-बूट वर येतं, पण कर्नल उलगडताना मरतं. त्यातल्या एकावर विचित्र प्रकार दिसतो: «डीरॅम» ओळीत कधी १ जीबी येतं, कधी ५१२ एमबी. कोड तोच, कार्ड तेच.

करून पाहिलेल्या गोष्टी: तीन वेगळी कार्डं, वेगळा पॉवर सप्लाय, मेमरीचं घड्याळ २०० मेगाहर्ट्झपर्यंत खाली. २०० वर तर पाचही बोर्ड मेले.

एक गोष्ट सांगायची राहिली. या बोर्डाचे दोन प्रकार निघणार आहेत, २ गिगाबिटच्या चिपवाला आणि ४ गिगाबिटच्या चिपवाला. कुठला ते एका जीपीआयओच्या स्ट्रॅपवरून (बोर्डावरच वर किंवा खाली बांधलेल्या पिनवरून) कळतं. एसपीएलच्या सुरुवातीला तो वाचून ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि डीडीआरच्या फंक्शनमध्ये त्याचा शून्यावा बिट बघून कॉन्फिगरेशन निवडतो. सध्याचे पाचही बोर्ड ४ गिगाबिटवालेच आहेत, म्हणून त्याचा इथे संबंध नसावा.

पीसीबीचा लेआउट चुकलाय असं गृहीत धरून नवीन बोर्ड काढायचे का, हा प्रश्न आहे.

---

शून्य_पत्ता

पीसीबीला हात लावू नका. «संबंध नसावा» म्हणून शेवटी टाकलेला परिच्छेदच आधी तपासा.

आकार १ जीबी आणि ५१२ एमबी असा बदलतो, त्यावरून सुरू करू. आय.एमएक्स६ वर बहुतेक बोर्डांचा कोड रॅमचा आकार «आयएमएक्स_डीडीआर_साइझ» या फंक्शनकडून घेतो. ते मेमरी चाचपून बघत नाही. एमएमडीसीच्या (एसओसीतल्या मेमरी कंट्रोलरच्या) कंट्रोल रजिस्टरमधून रो, कॉलम, बँक, बसची रुंदी हे बिट वाचतं आणि गुणाकार करून आकडा देतं. म्हणजे «डीरॅम: १ जीबी» ही मेमरीची साक्ष नव्हे, तुम्हीच सांगितलेलं तुम्हाला परत ऐकवलं जातंय. सिग्नल कितीही घाण असला तरी हा आकडा हलणार नाही. तो हलतोय याचा अर्थ कंट्रोलरमध्ये दर वेळी वेगळं कॉन्फिगरेशन लिहिलं जातंय. दोष निवडीत आहे.

आता निवड का डळमळते ते. आय.एमएक्स६ च्या एसपीएलचा कोड आतल्या ऑन-चिप रॅममध्ये, हेक्स ९०८००० पासून बसतो. स्टॅकही तिथेच, वरच्या टोकाला. पण बीएसएस तिथे नाही! त्याचा पत्ता हेक्स १८२०००००, म्हणजे थेट डीडीआरमध्ये. ज्या ग्लोबलला सुरुवातीची किंमत दिलेली नसते किंवा शून्य दिलेली असते, ते बीएसएसमध्ये जातं. तुम्ही स्ट्रॅप वाचून ते लिहिता तेव्हा डीडीआर सुरूच झालेली नसते. लिहिलेलं हवेत जातं. पुढच्या फंक्शनमध्ये वाचता तेव्हाही कंट्रोलर तयार नसतो, त्यामुळे हाती कचरा येतो, कधी बसही अडकू शकते. त्या कचऱ्याचा शून्यावा बिट म्हणजे नाणेफेक.

शिवाय डीडीआर सुरू झाल्यावर बोर्ड_इनिट_एफ बीएसएसवर शून्य फिरवतं. तोवर योगायोगाने किंमत टिकली असती तरी तिथे पुसली गेली असती.

छापा चुकीचा पडला तर ४ गिगाबिटच्या चिपला २ गिगाबिटचं कॉन्फिगरेशन मिळतं. रोचे बिट १५ ऐवजी १४ होतात, अर्धी मेमरी दिसत नाही, एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण घनतेवरून टीआरएफसी (एका रिफ्रेशला लागणारा वेळ) ठरतो. २ गिगाबिटला तो १६० नॅनोसेकंद, ४ गिगाबिटला २६०. रिफ्रेश पूर्ण व्हायच्या १०० नॅनोसेकंद आधीच कंट्रोलर पुढची आज्ञा सोडतो. असा बोर्ड कधी चालतो, कधी कर्नल उलगडताना मरतो. ओळखीचं वाटतंय ना?

खात्री करायला बोर्डाचीही गरज नाही. बिल्डमधली एसपीएलची मॅप फाइल उघडा आणि त्या व्हेरिएबलचा पत्ता बघा. हेक्स ९० ने सुरू झाला तर ऑन-चिप रॅम, १८२ ने सुरू झाला तर डीडीआर. दुरुस्ती दोन प्रकारे होते: व्हेरिएबलला सेक्शन अॅट्रिब्यूट देऊन «.डेटा» मध्ये ढकलायचं, किंवा ग्लोबलच काढून टाकून स्ट्रॅपची किंमत फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्यायची. दुसरा मार्ग बरा. अॅट्रिब्यूट पुढे कुणीतरी «हे कशाला?» म्हणून साफसफाईत उडवतो आणि बग परत येतो.

हे झाल्यावर तीन मुक्या बोर्डांवर एसपीएलच्या मुख्य फाइलमध्ये डीबग चालू करा. उडी मारण्याआधी «इमेज एंट्री पॉइंट» अशी ओळ यायला हवी, पत्ता हेक्स १७८००००० च्या आसपास. ती आली तर कार्ड, हेडर, वाचन सगळं ठीक आहे आणि मरण उडीनंतरचं. नाही आली तर एमएमसीच्या आतच कुठेतरी अडकतंय.

---

अर्धी_व्होल्टता

वरच्या निदानाशी सहमत, पण मूल्यांकन बोर्डाचे कॅलिब्रेशनचे आकडे तसेच ठेवलेत, हा दुसरा बॉम्ब आहे. ते आकडे चिपचे नसतात, तांब्याचे असतात. ट्रेसची लांबी बदलली की आकडे बदलले.

आधी २०० मेगाहर्ट्झचा गैरसमज काढू. «घड्याळ कमी केलं की सगळं सोपं होतं» हे डीडीआर३ ला लागू नाही. डीएलएल (मेमरी चिपमधलं क्लॉक जुळवणारं सर्किट) चालू असताना चिपला जास्तीत जास्त ३.३ नॅनोसेकंदांचा क्लॉक चालतो, म्हणजे साधारण ३०० मेगाहर्ट्झच्या खाली उतरताच येत नाही. डीएलएल बंद करून चालवण्याची सोय आहे, पण तिची वरची मर्यादा १२५ मेगाहर्ट्झ. २०० हा आकडा दोन्हीकडचा नाही. पाचही बोर्ड मेले ते स्पेसिफिकेशनप्रमाणेच. चाचणी म्हणून वेग कमी करायचाच तर ४०० वरून ३२०–३३० पर्यंत या आणि नॅनोसेकंदातले सगळे टायमिंग नव्या क्लॉकवर परत मोजा.

कॅलिब्रेशनला बसण्याआधी मल्टीमीटर आणि स्कोप घेऊन या गोष्टी बघा. मेमरीची रेल १.३५ व्होल्ट, डीडीआर३एलची हद्द १.२८३ ते १.४५. व्हीरेफ (तुलनेसाठीची व्होल्टता) रेलच्या बरोबर निम्मी, ०.४९ ते ०.५१ पट, म्हणजे ०.६६ ते ०.६९ व्होल्टच्या आत. व्हीरेफचा डीसी आकडा बरोबर असून भागत नाही, लोड पडल्यावर तो रेलबरोबर हलतो का ते बघायचं. झेडक्यूचे (ड्राइव्हची ताकद जुळवण्यासाठीचे) रेझिस्टर २४० ओहम, १ टक्क्याचे, प्रत्येक चिपला स्वतंत्र आणि एसओसीच्या झेडक्यू पिनला आणखी एक. दोन चिपना मिळून एकच रेझिस्टर लावलेला असेल तर दोघींचं झेडक्यू कॅलिब्रेशन एकाच वेळी चालतं आणि आकडा भलताच येतो. रीसेट पिन वीज स्थिर झाल्यावर किमान २०० मायक्रोसेकंद खाली, ती वर गेल्यावर सीकेई (क्लॉक चालू करणारी लाइन) वर यायला किमान ५०० मायक्रोसेकंद. हे कंट्रोलर स्वतः सांभाळतो, पण रीसेटची लाइन भलत्याच पुल-अपवर टाकली असेल तर त्याच्या हातात काही उरत नाही.

स्कीमॅटिकमध्ये डेटा लाइन अदलाबदल केल्या आहेत का? बाइटच्या आत अदलाबदल चालते, पूर्ण बाइटही बदलता येतात (त्या बाइटचे डीक्यूएस म्हणजे स्ट्रोब आणि डीएम म्हणजे मास्क बरोबर न्यायचे). पण प्रत्येक बाइटचा सगळ्यात खालचा बिट, म्हणजे ०, ८, १६, २४, चिपच्या त्या बाइटच्या खालच्या बिटालाच जोडलेला हवा. राइट लेव्हलिंगमध्ये (लिहिताना डीक्यूएस क्लॉकशी जुळवताना) चिपचं उत्तर त्या बिटावर येऊ शकतं आणि कंट्रोलर तिथेच कान लावून बसतो. तो बिट हलवला असेल तर हार्डवेअर राइट लेव्हलिंग त्या लेनसाठी (बाइटसाठी) खोटं उत्तर देतं, आणि खोटं आहे हे आकड्याकडे बघून कळतही नाही.

आता कॅलिब्रेशन. एनएक्सपीचं डीडीआर स्ट्रेस टूल यूएसबीवरून चालतं. बूट मोडच्या पिना ०१ करा म्हणजे रॉम सीरियल डाउनलोडमध्ये जाते. संगणकाला यूएसबी आयडी १५ए२:००६१ दिसला की चिप जिवंत आहे आणि रॉम बोलतेय. टूलला एक इनिट स्क्रिप्ट लागते, ती रजिस्टर प्रोग्रॅमिंगच्या स्प्रेडशीटमधून निघते. त्या स्प्रेडशीटमध्ये सोलो किंवा ड्युअललाइट निवडा. क्वाडचं निवडलं तर डीडीआर पॅडच्या आयओमक्स (पिनांच्या सेटिंगच्या) रजिस्टरांचे पत्तेच वेगळे असतात. ड्राइव्ह स्ट्रेंग्थ भलतीकडे लिहिली जाते आणि एरर कुठलाच येत नाही. यू-बूटमध्येही या दोन घराण्यांसाठी वेगळी स्ट्रक्चर याच कारणाने आहेत.

टूल चार गोष्टी काढतं: राइट लेव्हलिंग, डीक्यूएस गेटिंग (वाचताना डीक्यूएस कधी ऐकायला लागायचा ते), रीड डिले, राइट डिले. रीड आणि राइट डिलेचं एक एकक म्हणजे क्लॉकचा २५६ वा भाग. ४०० मेगाहर्ट्झला क्लॉक २.५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे एक एकक जवळपास १० पिकोसेकंद. रीसेटनंतरची किंमत प्रत्येक बाइटला हेक्स ४०, म्हणजे बरोबर पाव क्लॉक. तुमचे आकडे हेक्स ३० ते ५० च्या पट्ट्यात यायला हवेत. एखादी लेन एकटीच दूर पळाली तर तिथला ट्रेस बघा, आकडा ठोकून बसवू नका.

पाचही बोर्डांवर, प्रत्येकी तीन वेळा चालवा, लेननुसार सरासरी घ्या. एकाच बोर्डाचा आकडा तीन फेऱ्यांत दोन-तीन एककं हलणं ठीक. बोर्डाबोर्डांत दहाहून जास्त फरक पडला तर सरासरी काढण्यात अर्थ नाही. ही दहाची मर्यादा माझा ठोकताळा, नियम नव्हे.

---

पहिली_पायरी

शून्य_पत्ता, मॅप फाइलमध्ये पत्ता १८२ नेच सुरू होतो. ग्लोबल काढून आर्ग्युमेंट केलं. आता «कधी चालतो» वाल्या दोन्ही बोर्डांवर प्रत्येक वेळी १ जीबी येतं आणि कर्नल पूर्ण उलगडतो. मुक्या तिघांपैकी एक बोलू लागला, पण कर्नलमध्ये पाच-दहा मिनिटांनी पॅनिक.

उरलेल्या दोघांसाठी डीबग चालू करून नवीन एसपीएल लिहिलं, तर आता पहिली ओळही येत नाही. चांगल्या बोर्डांवरसुद्धा! परत जुनं एसपीएल लिहिलं की येते.

अर्धी_व्होल्टता, झेडक्यू तीन वेगळे आहेत. व्हीरेफ ०.६७५. अदलाबदल आहे, बाइट ० ते २ चे खालचे बिट जागेवर, पण बाइट ३ मध्ये २४ आणि २७ ची अदलाबदल झालीय.

---

शून्य_पत्ता

पहिली ओळ गायब होण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा आकार असतो. एसपीएलची फाइल किती केबीची झाली? १ केबीवरून सुरू होऊन ६९ केबीच्या आत संपायला हवी, म्हणजे ६८ केबी. डीबगच्या स्ट्रिंग आल्या की ती सहज ७०–७५ वर जाते. मग डीडीने यू-बूटची इमेज नंतर लिहिली की ती एसपीएलच्या शेपटीवर बसते. रॉम इमानदारीने ७५ केबी उचलते, त्यातले शेवटचे ७ भलतेच असतात. यू-बूटमध्ये एसपीएलच्या आकाराची मर्यादा हेक्स ११०००, म्हणजे नेमकी ६८ केबी आहे आणि ती ओलांडली की बिल्ड थांबतं. तुमचं थांबलं नाही म्हणजे कुणीतरी ती मर्यादा शून्य केली आहे. ती परत आणा.

सगळीकडे डीबग चालू करण्याऐवजी ज्या फाइलवर संशय आहे तिच्या अगदी पहिल्या ओळीत, इन्क्लूडच्या आधी, डीबग डिफाइन करा. तेवढ्यानेही फुगलं तर नेटवर्क, यूएसबी स्टोरेज असलं एसपीएलमधून काढून टाका.

जाता जाता: कार्डावर काय पडलंय ते डोळ्यांनी बघायची सवय ठेवा. कार्डाचा १०२४ वा बाइट हेक्सडंपमध्ये काढला की डी१, ००, २०, ४० असे चार बाइट दिसायला हवेत. ते आयव्हीटीचं, म्हणजे रॉम शोधते त्या तक्त्याचं, हेडर. ते नसेल तर रॉम कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही आणि गुपचूप यूएसबी डाउनलोडकडे वळते.

---

सोळा_सेकंद

एक छोटी पुरवणी. पॅनिक येतो म्हणता, तो नेहमी वेगळ्या ठिकाणी असेल तर मेमरी. पण बोर्ड यू-बूटच्या प्रॉम्प्टवर काही न करता बरोबर १६ सेकंदांनी रीसेट होत असेल तर ती मेमरी नाही. आय.एमएक्स६ च्या वॉचडॉगमध्ये पॉवर-डाउन काउंटर असतो, रीसेटनंतर आपोआप चालू. १६ सेकंदांत बंद केला नाही की वॉचडॉगची पिन खाली खेचतो. पिन पीएमआयसीपर्यंत (वीज सांभाळणाऱ्या चिपपर्यंत) नेली नसेल तर कळतही नाही, नेली असेल तर बोर्ड झोपतो. यू-बूटचा स्टॉक कोड तो बंद करतो, पण स्वतःचा एसपीएल किंवा मेमरी टेस्ट लिहिताना हे विसरायला होतं आणि टेस्ट «अधूनमधून» मरते.

---

अर्धी_व्होल्टता

बिट २४ हलवलाय, म्हणजे बाइट ३ चं राइट लेव्हलिंग गेलं. पॅनिक येणाऱ्या आणि मुक्या बोर्डांवर आधी हीच लेन दोषी आहे का ते सिद्ध करा, मग उपाय. त्यासाठी स्वतःची मेमरी टेस्ट लागते. एसपीएलमध्येच टाका: डीडीआर सुरू झाल्यावर लगेच, बीएसएस शून्य व्हायच्या आधी. तिथे कोड आणि स्टॅक दोन्ही ऑन-चिप रॅममध्ये असतात, त्यामुळे पूर्ण डीडीआर बेधडक खरवडता येते. टेस्टमध्ये ग्लोबल नको, ते आता सांगायला नको.

पहिली फेरी डेटा लाइनची. एका पत्त्यावर एकच बिट १ ठेवून ३२ नमुने लिहायचे आणि वाचायचे. इथे एक जुना सापळा आहे: लिहून लगेच तोच पत्ता वाचला तर बसवर उरलेला चार्जच परत वाचला जातो आणि चिप नसली तरी टेस्ट पास होते. मध्ये दुसऱ्या पत्त्यावर उलटा नमुना लिहा, मग पहिला वाचा. चुकलं की अपेक्षित आणि मिळालेला यांचा एक्सऑर छापा. फक्त «फेल» छापणारी टेस्ट निरुपयोगी. एक्सऑरमध्ये बिट २४ ते ३१ च दिसले तर लेन ३. सगळ्या लेनमध्ये विखुरलेले असतील तर पत्ता, आज्ञा, वीज किंवा रिफ्रेश.

दुसरी फेरी पत्त्याच्या लाइनची. बेस हेक्स १००००००० वर एक किंमत, मग बेस अधिक ४, ८, १६ असं दुपटीने ५१२ एमबीपर्यंत प्रत्येक जागी वेगळी किंमत. सगळं लिहून झाल्यावर सगळं वाचा. तुमच्या रचनेत ऑफसेटचे खालचे २ बिट बाइटचे, पुढचे १० कॉलमचे, बँक इंटरलीव्हिंग चालू असेल तर पुढचे ३ बँकेचे आणि वरचे १५ रोचे. बेरीज ३०, म्हणजे १ जीबी. त्यामुळे ५१२ एमबीवरचा मजकूर ० वर दिसला तर ए१४ तुटलीय किंवा रो चुकीचे सांगितलेत. १६ केबीवर गोंधळ असेल तर बँकेची वरची लाइन. ऑफसेटवरून थेट पिन सापडते, सोल्डरिंग बघायला बोर्ड एक्स-रेला पाठवण्याआधी हे करा.

तिसरी फेरी भाराची, आणि ती वरच्या दोहोंपेक्षा महत्त्वाची. एसपीएलमध्ये डेटा कॅश बंद असते, त्यामुळे सुटे ३२ बिटांचे व्यवहार होतात. सीमारेषेवरची मेमरी असल्या भारात मजेत पास होते. यू-बूट रॅमच्या वरच्या टोकाला स्वतःला हलवतं, डेटा कॅश चालू करतं, आणि पहिल्यांदाच सलग बर्स्ट सुरू होतात. गेटिंगमध्ये खोट असेल तर इथे उघडी पडते. कर्नल उलगडताना मरण्यामागेही हेच. म्हणून कॅश चालू करून मोठे ब्लॉक कॉपी करा, नमुने ०, सगळे १, ५५, एए आणि यादृच्छिक. लिनक्स चढत असेल तर मेमटेस्टर आणि स्ट्रेसअॅपटेस्ट रात्रभर, बोर्ड गरम करून एकदा आणि थंड करून एकदा.

उपाय: लेन ३ साठी टूलने दिलेला राइट लेव्हलिंगचा आकडा फेका. बाइट २ आणि ३ एकाच चिपवर असतील आणि त्यांचे डीक्यूएस लांबीला जवळपास सारखे असतील, तर लेन २ चा आकडा लेन ३ ला द्या, लांबीतल्या फरकाइतका बदलून. मग त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार एककांनी सरकवत स्ट्रेस टेस्ट चालवा. दोन्हीकडे जिथे फेल होतं ती टोकं शोधा, मध्य घ्या. पुढच्या पीसीबीत २४ जागेवर आणा.

---

पहिली_पायरी

आकाराचं खरं होतं. एसपीएल ७३ केबी झालं होतं, मर्यादा शून्य केलेली होती. परत हेक्स ११००० केली, डीबग एका फाइलपुरतं ठेवलं, ओळ आली. दोन्ही मुक्या बोर्डांवर «इमेज एंट्री पॉइंट» छापून येतं, मरण उडीनंतरचंच.

एसपीएलमधली टेस्ट: डेटा आणि पत्त्याच्या फेऱ्या पाचही बोर्डांवर पास. कॅश चालू करून कॉपी केल्यावर मुके दोन आणि पॅनिकवाला एक, तिघेही फेल. एक्सऑर फक्त वरच्या आठ बिटांत, कधी ०४, कधी २०, कधी पूर्ण एफएफ.

टूल पाचही बोर्डांवर तीनदा चालवलं. लेन ० ते २ चे रीड आणि राइट डिले बोर्डागणिक चार एककांच्या आत आहेत. लेन ३ चं डीक्यूएस गेटिंग मूल्यांकन बोर्डाच्या आकड्यापासून जवळपास अर्ध्या क्लॉकने दूर निघालं. नवीन गेटिंग आणि डिले टाकले, राइट लेव्हलिंगला लेन २ चा आकडा ४ एककं कमी करून दिला (आमचा लेन ३ चा डीक्यूएस थोडा लांब आहे). पाचही बोर्ड कॉपीच्या फेरीत पास, लिनक्सवर स्ट्रेसअॅपटेस्ट आठ तास स्वच्छ.

दोन शंका उरल्या. यू-बूटमध्ये दर बूटला कॅलिब्रेशन करायचा पर्याय दिसतो, तो चालू ठेवावा का? आणि रिफ्रेशमध्ये रेफसेल १, रेफआर ७ असं आहे, ते बरोबर का?

---

अर्धी_व्होल्टता

पूर्ण एफएफ म्हणजे गेट चुकीच्या क्षणी उघडून अख्खा बाइट हुकला, सुटे बिट म्हणजे गेट बरोबर पण काठावर. दोन्ही दिसणं गेटिंगशी जुळतं.

एमएक्स६_डीडीआरकॅल चा पर्याय तुमच्या बोर्डावर मुळीच चालू करू नका. तो हार्डवेअर राइट लेव्हलिंग चालवतो आणि तुमच्या लेन ३ वर ते खोटं उत्तर देणार. नवीन पीसीबीवर चालू करता येईल, तरी उत्पादनासाठी ठरलेले सरासरी आकडेच बरे. दर बूटला वेगळे आकडे बसू लागले की फील्डमधून आलेला बिघाड टेबलावर परत घडवताच येत नाही. कॅलिब्रेशनचा कोड कारखान्यातल्या टेस्ट इमेजमध्ये ठेवा, आकडे छापा, ठरलेल्या पट्ट्याबाहेरचा बोर्ड बाजूला काढा.

रिफ्रेश: रेफसेल १ म्हणजे ३२ किलोहर्ट्झचा ठोका, दर ३०.५ मायक्रोसेकंदांनी. रेफआर ७ म्हणजे त्या प्रत्येक ठोक्याला ८ रिफ्रेश. भागाकार ३.८ मायक्रोसेकंद. चिपला ८५ अंशांपर्यंत ७.८ आणि त्यावर ३.९ लागतात, म्हणजे तुमचं सेटिंग गरम हद्दीसाठीचं आहे. बंद डब्यात, पंख्याशिवाय चालणार असेल तर तसंच राहू द्या. बोर्ड ८५ च्या वर जाणार नाही याची खात्री असेल तर रेफआर ३ करा, ७.६ मायक्रोसेकंद होतात आणि थोडी बँडविड्थ परत मिळते. पण हे टेबलावर पारखू नका. खोलीच्या तापमानाला डीरॅमचे सेल ६४ मिलिसेकंदांहून कितीतरी जास्त वेळ मजकूर धरून ठेवतात, रिफ्रेश अर्धा केला तरी सगळं पास दिसेल. चिपचं तापमान वर नेऊन नमुना लिहा, मिनिटभर त्या भागाला हात लावू नका, मग वाचा.

---

शून्य_पत्ता

आणि २ गिगाबिटवाला प्रकार येईल तेव्हा स्ट्रॅपवर भिस्त ठेवताना एक कुंपण घाला: कॉन्फिगरेशन निवडून झाल्यावर एसपीएलमध्येच «गेट_रॅम_साइझ» बोलवा. ते खरोखर दुपटीच्या पत्त्यांवर लिहून-वाचून आकार ठरवतं. ४ गिगाबिटचा स्ट्रॅप आणि चिप २ गिगाबिटची अशी गफलत झाली तर २५६ एमबीच्या चिपवर रोचा पंधरावा बिट नसल्याने ५१२ एमबीवर मजकूर दुमडतो आणि आकडा १ जीबीऐवजी ५१२ येतो. जुळला नाही तर ओळ छापून तिथेच थांबा. उलट गफलत, म्हणजे ४ गिगाबिटच्या चिपला २ चं कॉन्फिगरेशन, यात पकडली जात नाही. अर्धी मेमरी न दुमडता नीट दिसते आणि टीआरएफसीचा घोळ आत राहतो. म्हणून स्ट्रॅपवर काहीच जोडलेलं नसताना पुल-अपमुळे जी किंमत वाचली जाते, ती ४ गिगाबिटची ठेवा. तो जास्तीचा टीआरएफसी २ गिगाबिटच्या चिपला बाधत नाही, आणि आकाराची चूक कुंपणात अडकते.